जुन्या ९११ चा तेलाच्या तापमानाचा काटा: त्यावर किती विश्वास ठेवायचा?

पिवळी९११ (शनिवार, रात्री १०:१०)

नमस्कार मंडळी. गाडी १९७४ ची पोर्शे ९११, २.७ लिटरचं इंजिन, के-जेट्रॉनिक इंजेक्शन. मामांची होती, आता माझ्याकडे आहे. मला ती झाकून ठेवायची नाही, मुंबईत चालवायची आहे, म्हणून हा धागा.

टॅकोमीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) डावीकडच्या डायलमध्ये तेलाचं तापमान आणि तेलाचा दाब असे दोन काटे आहेत. हा डायल मधल्या काळात कधीतरी बदललेला आहे. तापमानाच्या बाजूला आकडे नाहीत, फक्त चार रेघा, शेवटची लाल पट्ट्यात. पहाटे वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन आलं की काटा दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधोमध थांबतो. संध्याकाळी लोअर परळहून दादर, हिंदमाता करत सायनकडे निघालं की तिसरी रेघ ओलांडून लाल पट्ट्याकडे चढायला लागतो. हेडलाइट लावले की आणखी जरासा वर. तेल २०डब्ल्यू-५० जाडीचं, पातळी बरोबर आहे (गरम इंजिन, सपाट जागा, आयडलवर असतानाच डिपस्टिक बघतो). पुढच्या उजव्या फेंडरमध्ये तेल थंड करणारा, नळीच्या वेटोळ्याचा कूलर आहे.

गॅरेजचं म्हणणं, मोठा रेडिएटर पद्धतीचा, पंखा असलेला कूलर बसवा. खर्च भरपूर आहे आणि फेंडरमध्ये काम करावं लागेल. त्याआधी मला हे समजून घ्यायचंय की या रेघा म्हणजे नेमके किती अंश, आणि काटा दाखवतो तेवढं तेल खरंच तापतंय का?

स्पॅनरकाका (शनिवार, रात्री १०:५५)

हेडलाइट लावले की काटा वर जातो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. दिवे लावल्याने दहा लिटरहून जास्त तेल दोन सेकंदांत तापत नाही. म्हणजे तुमच्या काट्यात तेलाव्यतिरिक्त दुसरंही काहीतरी मिसळलंय. ते बाजूला काढल्याशिवाय कूलरवर एक रुपया घालवू नका.

मात्र "काटाच खोटा असेल" म्हणून दुर्लक्षही करू नका. या इंजिनाचं क्रँककेस (मुख्य कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. १९६८ ते १९७७ मधल्या बहुतेक ९११ तशाच, १९७८ च्या ९११ एससी मॉडेलपासून पुन्हा ॲल्युमिनियम आलं. २.७ मध्ये सततच्या उष्णतेने हेडचे स्टड (लांब बोल्ट) आटे घेऊन वर येतात आणि मग इंजिन पूर्ण उघडावं लागतं. हवेवर थंड होणारं इंजिन म्हणतात खरं, पण उष्णतेचा मोठा वाटा तेलच वाहून नेतं. पाण्याचा काटा या गाडीत नाहीच, त्यामुळे इंजिनाचा ताप कळायला तेलाचा हा काटाच काय तो हाताशी. तो खरा बोलतोय याची खात्री करणं ही या गाडीची पहिली सेवा समजा.

सीएसटीरोड_कुर्ला (शनिवार, रात्री ११:२०)

एवढा विचार कशाला? डिजिटल मीटर लावा, आकडा थेट दिसेल. जुन्या डायलमागे किती धावायचं!

विद्युल्लता (रविवार, सकाळी ८:३०)

डिजिटल मीटरलाही सेन्सर लागतो, वायर लागते, अर्थ (बॉडीशी विजेची परतीची जोडणी) लागतो. तिथे दोष राहिला तर चुकीचा आकडा दशांश चिन्हासकट दिसेल, आणि असा आकडा माणूस जास्त विश्वासाने वाचतो. रसायनीच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये माझी बरीच वर्षं गेली. तिथली शिस्त अशी की आधी मापयंत्र तपासायचं, मग प्रक्रियेला दोष द्यायचा.

पिवळी, तुमच्या काट्याची साखळी लहानशी आहे: सेन्सर, वायर, डायल, आणि डायल व सेन्सर दोघांचा अर्थ. सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रोध. तेल गरम झालं की त्याचे ओहम (रोध मोजायचं एकक) कमी होतात आणि काटा वर जातो. म्हणून वायर तुटली तर काटा अगदी तळाला बसतो, आणि वायर घासून बॉडीला लागली तर थेट लाल पट्ट्यात जातो. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. धावत्या गाडीत काटा अचानक टोकाला गेला तर आधी वायर आठवायची. मात्र गाडी बाजूला घेऊनच.

दिव्यांसोबत काटा हलणं हे बहुतेक वेळा अर्थचं दुखणं असतं. डायलच्या अर्थमधून दिव्यांचाही प्रवाह परत जात असेल आणि तो सांधा गंजलेला असेल, तर डायलला मिळणारा शून्य व्होल्ट खरा शून्य राहत नाही. दुसरी बाजू इंजिनाची. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते. मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनाच्या स्वच्छ धातूला. ०.१ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. हीच चाचणी डायलच्या अर्थवरही करा. जर्मन गाड्यांत अर्थची वायर तपकिरी असते.

वरळी सी फेसला राहत असाल तर हे सांधे पावसाळ्यागणिक उघडून बघण्यासारखे आहेत. लाटांचे तुषार जिथवर उडतात तिथवर पितळ आणि तांबं हिरवं पडतंच.

पिवळी९११ (रविवार, सकाळी ९:१५)

ताई, फारच नीट समजावलंत. अर्थ तपासतोच. पण रेघांचे अंश कसे ठरवू? नेटवर तक्ते मिळतात, पण माझा डायल नेमक्या कुठल्या वर्षाचा हेच ठाऊक नाही.

विद्युल्लता (रविवार, सकाळी १०:०५)

तक्ता शोधू नका, डायललाच विचारा. सेन्सरची वायर काढा आणि तिच्या टोकाला सेन्सरऐवजी माहीत असलेला रोध जोडून दुसरं टोक अर्थला द्या. लॅमिंग्टन रोडला एक-दोन वॅटचे रेझिस्टर चिल्लर पैशांत मिळतात. व्हीडीओ (मीटर बनवणारी जर्मन कंपनी) यांच्या १५० अंशांपर्यंतच्या सेन्सरचे ओहम ढोबळ मानाने असे: ९० अंशांना ८२ च्या आसपास, १०० ला ६२, १२० ला ३६, १५० ला १८. गंमत बघा, ८२, ६२, ३६, १८ हे सगळे बाजारात तयार मिळणारे रेझिस्टर आहेत. प्रत्येक जोडा, इग्निशन ऑन करा, काटा स्थिरावेपर्यंत थांबा आणि मोबाइलने फोटो काढा. त्यातून डायलच्या रेघा कळतील. इंजिन सुरू करायचीही गरज नाही.

फोटो काढताना लेन्स डायलच्या अगदी समोर धरा. काटा आणि पट्टी यांच्यात अंतर असतं, बाजूने पाहिलं की काटा सरकलेला दिसतो. ९११ मध्ये डावीकडचे डायल थोडे स्टिअरिंगच्या आड जातात, म्हणून चालवताना आपण ते नेहमी तिरकेच वाचतो. रोज ज्या कोनातून बघता त्या कोनातूनही एक फोटो घ्या. फरक डोळ्यांना दिसेल.

मग सेन्सरची पाळी. थंड इंजिनातून काढा. खाली ट्रे ठेवा, तेल येईल. इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळा, सेन्सरचं टोक आणि आटे पाण्यात, वायरचं टोक कोरडं. त्याचे ओहम मोजा. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे उकळतं पाणी म्हणजे १०० अंश, वेगळं थर्मामीटर लागत नाही.

घाटवाट (रविवार, दुपारी १२:४०)

पुण्याहून एक भर: आमच्याकडे किंवा लोणावळ्यात ही चाचणी केली तर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. फरक लहान आहे, पण हिशेबात धरा.

स्पॅनरकाका (रविवार, दुपारी १:३०)

१०० च्या वरचा बिंदू हवा असेल तर तेलाचं भांडं घ्यावं लागतं. जुन्या पातेल्यात थोडं नवं इंजिन ऑइल, कॉइलची शेगडी, आणि मल्टिमीटरसोबत येणारा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) तेलात सोडलेला. उघड्या गॅसच्या ज्योतीवर हे करू नका, घरातल्या ओट्यावर तर नाहीच. सेन्सर आधी पूर्ण कोरडा करा. गरम तेलात पाण्याचा एक थेंब पडला तरी तेल अंगावर उडतं. १२० पर्यंत नेऊन थांबा. तेल खाली येतानाही नोंद घ्या, कारण वर जाताना सेन्सर थोडा मागे राहतो.

दर्याकिनारी (रविवार, रात्री ८:५०)

माझा वेगळा मुद्दा. मुंबईची हवा एवढी दमट, त्यामुळे हवेवर चालणारा कूलर इथे कमीच पडणार ना? युरोपातल्या हवेसाठी बनवलेली गाडी आहे.

स्पॅनरकाका (रविवार, रात्री ९:३५)

दमटपणाचा त्रास आपल्याला होतो कारण घाम वाळत नाही. इंजिनावरच्या थंड होण्यासाठीच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवरून (फिन्स) काही वाळायचं नसतं, त्यामुळे दमट हवेने तिथे जाणवण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेच्या तापमानाने आणि हवा किती वाहते याने. थर्मोस्टॅट (तेल तापलं की कूलरची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडल्यावर बाहेरची हवा जितके अंश जास्त, जवळपास तितकंच तेलही जास्त. जानेवारीच्या पहाटे १८ अंशांत घेतलेलं रीडिंग आणि मे महिन्यातल्या दुपारी ३४ अंशांत घेतलेलं रीडिंग शेजारी ठेवून "गाडी बिघडली" म्हणण्यात अर्थ नाही. वहीत काट्यासोबत बाहेरचं तापमान लिहायचंच.

मुंबईत या गाडीला खरा जाच ट्रॅफिकचा. ९११ चा पंखा क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. इंजिन हळू तर पंखा हळू. पुढच्या फेंडरमधल्या वेटोळ्याला तर गाडी चालली तरच हवा. म्हणून सिग्नलला काटा चढणं हा या रचनेचा स्वभाव आहे, प्रश्न फक्त कुठपर्यंत चढतो आणि रस्ता मोकळा झाल्यावर उतरतो का. फार वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ओढत नेऊ नका. एक गिअर खाली ठेवा, पंख्याला फिरू द्या, इंजिनावरचा ताणही कमी होतो.

आणि इंजिनाच्या कडेने फिरणारं रबरी सील बघून घ्या. पंखा वरून थंड हवा ओढतो, गरम हवा खाली जाते. ते सील फाटलं असेल तर खालची गरम हवा वर येऊन पुन्हा पंख्यात शिरते. फार स्वस्त वस्तू आहे, आणि जुन्या गाड्यांत हमखास गायब असते. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर मात्र तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. अल्टरनेटर पंख्याच्या मधोमध बसलेला आहे, दोघांना पट्टा एकच. पट्टा तुटला असेल तर काटा वर यायच्या आधीच हेड तापलेली असतात.

पिवळी९११ (बुधवार, रात्री १०:००)

पहिला अहवाल. गिअरबॉक्सची अर्थ पट्टी बाहेरून ठीक दिसत होती, पण दिवे लावून इंजिनावर जवळपास ०.४ व्होल्ट मिळाले. बोल्ट काढला तर खाली पावडर. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले आणि नवी पट्टी लावली. डायलमागची तपकिरी वायर तीन मीटरना मिळून एकाच लगवर (वायर बांधायच्या कडीवर) होती, तोही बदलला. आता हेडलाइट लावले, वायपर लावले, काटा जागचा हलत नाही.

रेझिस्टरची चाचणीही झाली. ८२ ओहमला काटा दुसऱ्या रेघेवर, ३६ ला तिसऱ्या रेघेवर, १८ ला लाल पट्ट्यातल्या शेवटच्या रेघेवर. ६२ ला दुसऱ्या रेघेच्या किंचित पुढे, म्हणजे मधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश. तर दुसरी रेघ ९०, तिसरी १२०, चौथी १५०. डायल अगदी निरोगी आहे!

पण गाडी चालवली की काटा अजून तिथेच: पहाटे दोन रेघांच्या मधोमध, म्हणजे १०५ च्या आसपास. ट्रॅफिकमध्ये १२० च्या वर. म्हणजे तेल खरंच तापतंय असं समजू?

विद्युल्लता (बुधवार, रात्री १०:४०)

अजून नाही. सेन्सर राहिलाय. किटली!

पिवळी९११ (शनिवार, दुपारी ४:२०)

किटलीत, उकळत्या पाण्यात, सेन्सर: ३८ ओहम. वायर आणि प्रोबचा स्वतःचा रोध वजा करूनही तेवढाच.

विद्युल्लता (शनिवार, दुपारी ४:४५)

सापडलं. उकळत्या पाण्यात ६२ यायला हवे होते. ३८ ओहम हा व्हीडीओच्या दुसऱ्या कुळीचा आकडा आहे, १२० अंशांपर्यंतच्या सेन्सरचा. तुमचा डायल १५० च्या कुळीतला. दोघेही निरोगी आहेत, पण एकमेकांचे नाहीत. आटे सारखे असले की चुकीचा सेन्सरही नीट बसतो, गळत नाही, काटाही व्यवस्थित वरखाली होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही.

आता हिशेब करा. १०० अंशांना तुमचा सेन्सर ३८ ओहम देतो, आणि डायल ३६ ओहमला १२० दाखवतो. म्हणजे खऱ्या १०० ला काटा जवळपास तिसऱ्या रेघेवर. सुमारे १८ ते २० अंशांचा फरक. पहाटेचे तुमचे १०५ म्हणजे प्रत्यक्षात ८८ च्या आसपास, थर्मोस्टॅट नुकताच काम करू लागल्याची खूण. ट्रॅफिकमधले १२५ म्हणजे १०६-१०७.

उलटी जोडी किती घातक ठरली असती बघा. १२० चा डायल आणि १५० चा सेन्सर असता तर तेल १२० ला पोचलं तरी काटा निवांतपणे १०० दाखवत राहिला असता. तक्रार घेऊन कुणी आलंच नसतं. म्हणून मी म्हणते, ज्यांचा काटा नेहमी छान मधोमध असतो त्यांनीही किटलीची चाचणी करावी.

सीएसटीरोड_कुर्ला (शनिवार, सायंकाळी ६:१०)

मान्य ताई. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. गिऱ्हाईक जुना सेन्सर हातात घेऊन येतं, आटे जुळले की खूश. सेन्सरच्या षटकोनावर बहुतेक वेळा नंबर आणि कमाल तापमान कोरलेलं असतं. दुकानात उभं राहून, भिंग लावून ते वाचून घ्या. ऑपेरा हाऊसला जा नाहीतर आमच्याकडे कुर्ल्याला या, पण मल्टिमीटर सोबत आणा. खोलीच्या तापमानाला जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजलं तरी कूळ वेगळं असल्याचं लगेच कळतं.

दर्याकिनारी (शनिवार, सायंकाळी ७:००)

एवढं सेन्सर काढण्यापेक्षा इन्फ्रारेड गन मारून बघितलं असतं तर? माझ्याकडे आहे, कोविडच्या वेळची नव्हे, वर्कशॉपची.

विद्युल्लता (शनिवार, रात्री ८:१५)

वर्कशॉपची गन उपयोगी आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर मारली तर ती फार कमी दाखवते, कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. तिथे मॅट काळा रंग किंवा काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर मारा. तरीही ती पत्र्याचं तापमान सांगेल, तेलाचं नाही. पत्रा तेलापेक्षा थंडच असणार. मी गन तुलनेसाठी वापरते. उदाहरणार्थ, पुढच्या कूलरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या नळीवर. दोन्ही थंड असतील आणि काटा ९० च्या वर असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय. जाणारी गरम आणि येणारी कमी गरम, तर कूलर काम करतोय.

तेलाच्या टाकीत थर्मोकपल सोडून बघणारेही आहेत. चालेल, पण ९११ मध्ये तेल पुढच्या कूलरमधून फिरून मग टाकीत येतं, त्यामुळे टाकीचा आणि काट्याचा आकडा तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका.

टीडी_एकावन्न (रविवार, सकाळी ९:५०)

माझी १९५१ ची एमजी टीडी. मीटरमध्ये वायरच नाही, बारीक तांब्याची नळी जाते. असल्या मीटरला हे ओहम वगैरे लागू पडतं का?

स्पॅनरकाका (रविवार, सकाळी १०:३०)

ओहम नाही, किटली लागू पडते. तुमच्या मीटरमध्ये टोकाचा बल्ब, नळी आणि डायल मिळून एकच बंद पात्र असतं. बल्बमधला द्रव तापला की त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि तो दाब काटा फिरवतो. विजेचा संबंध नसल्यामुळे दिवे, अर्थ, बॅटरी यांनी तो बिघडत नाही. मात्र नळीला तीव्र मुरड पडली किंवा चीर गेली की संपलं. नळी कुठेही कापू नका, जोडायचा प्रयत्नही करू नका, उरलेली लांबी मोठ्या वेटोळ्यात बांधून ठेवा. बल्ब उकळत्या पाण्यात धरा. डायल फॅरनहाइटमध्ये असेल तर काटा २१२ वर यायला हवा. तिथे आला की निश्चिंत व्हा.

पिवळी९११ (पुढचा रविवार, सकाळी ११:२५)

योग्य सेन्सर मिळाला, बसवला. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावली नाही (अर्थ आट्यांतूनच मिळतो), फक्त तांब्याचा नवा वॉशर. बसवण्याआधी किटलीत ६१ ओहम.

पहाटे अटल सेतूवर गेलो. सपाट, सलग, २१.८ किलोमीटर, ८० च्या एकसारख्या वेगाने. बाहेर २६ अंश. काटा दुसऱ्या रेघेवर येऊन बसला तो चिर्ल्यापर्यंत हलला नाही. संध्याकाळी मुद्दाम लोअर परळ ते सायन. बाहेर ३१. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्याच्या किंचित वर, म्हणजे १०६ च्या आसपास, आणि सायन ओलांडून मोकळा रस्ता मिळाल्यावर उतरायला लागला. ताईंच्या हिशेबाशी जुळतंय. कूलर मूळचाच राहील.

आता रोजच्या वापरात कुठे सावध व्हायचं तेवढं सांगा, काका.

स्पॅनरकाका (रविवार, दुपारी १२:१५)

छान काम केलंत. माझ्या लेखी २.७ साठी असं धरा. काटा तळाशी असताना इंजिन ३००० आरपीएमच्या वर नेऊ नका. तेल भरपूर आहे, सगळं तापायला वेळ लागतो. ९० ते १०५ ही रोजची घरची जागा. ११० ते १२० मध्ये मे महिन्यात ट्रॅफिकला जाईल, घाबरू नका, पण एसी बसवला असेल तर बंद करा, गिअर खाली घ्या, मोकळा रस्ता शोधा. १२० च्या वर चढतच राहिलं तर बाजूला घ्या. लगेच बंद करण्यापेक्षा सावलीत १५०० ते २००० वर थोडा वेळ फिरू द्या, म्हणजे पंखा हवा देत राहील. १३० ला या इंजिनाने जाऊच नये.

तापमानाचा काटा एकटा वाचू नका, शेजारी दाबाचा काटा आहे. तेल तापलं की पातळ होतं आणि दाब उतरतो. गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे सुमारे ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय, हा जुना ढोबळ नियम. तापमान चढलंय म्हणतो आणि दाब जराही उतरलेला नाही, तर तापमानाच्या काट्यावर शंका घ्या. दोन्ही एकदम बोलत असतील तर विश्वास ठेवा.

आणि पावसाळ्यात उलटी काळजी. वरळी ते प्रभादेवी एवढ्याच फेऱ्या मारल्या तर तेल ६०-७० च्या वर जातच नाही, आत धरलेली वाफ निघत नाही, फिलर कॅपखाली पांढरट साय दिसते. निदान आठवड्यातून एकदा तेल ९० च्या वर अर्धा तास राहील असं फिरवा. ईस्टर्न फ्रीवे त्यासाठी बरा.

घाटवाट (रविवार, दुपारी २:००)

द्रुतगती मार्गाने आमच्याकडे येणार असाल तर खोपोलीच्या आधी आणि खंडाळ्याला पोचल्यावर काटा बघा. घाटात ट्रकच्या मागे अडकून चढताना हमखास चढतो. वर आल्यावर काही मिनिटांत उतरायला लागला तर सगळं ठीक. लोणावळा ओलांडूनही तसाच राहिला तर कूलर, थर्मोस्टॅट, इग्निशनचं टायमिंग, या क्रमाने बघा. टायमिंग मागे पडलं की उष्णता वाढते आणि बोल कूलरला लागतो.

पद्मिनी_नवशिका (रविवार, रात्री ९:०५)

सगळा धागा वाचला. माझ्याकडे प्रीमिअर पद्मिनी आहे, स्पोर्ट्स कार नाही, तरी विचारते. तिला तेलाच्या तापमानाचा मीटर नव्याने बसवायचा असेल तर सेन्सर कुठे लावू? गॅरेजवाला ड्रेन प्लगमध्ये (तेल काढायच्या बुचात) भोक पाडून देतो म्हणतोय.

विद्युल्लता (रविवार, रात्री ९:५०)

विचारायला गाडी मोठी-छोटी कशाला पाहायची! ड्रेन प्लगमधला सेन्सर तेल बरोबर मोजतो, पण तो चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) सगळ्यात खाली लोंबतो. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर तो तुटला तर सगळं तेल रस्त्यावर. चेंबरच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या बऱ्यापैकी खाली, धातूचा बॉस (सेन्सर बसवायचा आटेदार तुकडा) वेल्ड करून घ्या. त्यासाठी चेंबर काढावाच लागेल, आत किस पडलेला चालणार नाही. डायल आणि सेन्सर एकाच कुळीचे, एकाच वेळी घ्या, आणि बसवण्याआधी दोन्ही टेबलावर बॅटरीला जोडून सेन्सर किटलीत बुडवा. काटा १०० वर आला तरच पुढचं काम. वायर सायलेन्सरपासून लांब, जाळीच्या स्लीव्हमधून न्या.